हिशेबात निर्मातीची ओळ कुठे आहे?

ताई, नमस्कार.

मी नाशिकची, वय 36. दिवसा एका सीएंच्या ऑफिसात नोकरी करते, संध्याकाळी नाटक. मी अभिनय करत नाही, लिहीतही नाही. मी निर्मिती करते. कॉलेजात एकांकिका गाजवलेली मुलं पदवी हातात पडली की भिरभिरतात. त्यांना पहिलं दोन अंकी नाटक करायला पैसे, जागा आणि तारखा मी मिळवून देते. सात वर्षांत पाच नाटकं केली, पाचही लेखक-दिग्दर्शक तिशीच्या आतले. तोटा माझा. बाबांनी माझ्या नावावर ठेवलेली एफडी त्यात मोडली. त्यांनी त्याबद्दल आजवर एक शब्द विचारलेला नाही, आणि तेच जास्त लागतं.

चौथं नाटक चाललं. नाशिक, पुणे, मुंबई मिळून 31 प्रयोग झाले. मागच्या महिन्यात दिग्दर्शकाचा मेसेज आला : "ताई, मुंबईच्या एका मोठ्या निर्मात्यांना नाटक हवंय. मी आणि लेखक हो म्हणालोय. तुम्हाला सांगायचं राहून गेलं. तुमच्यामुळेच हे झालं, कायम ऋणी." दोन नट बदलणार, नेपथ्य आणि संगीत तेच राहणार. मला यातून काही मिळणार का, हे विचारायची लाज वाटली. मी अभिनंदन कळवलं आणि रात्रभर जागी राहिले. आमच्यात लेखी काहीच नाही.

त्यातच ओटीटीच्या मालिका करणाऱ्या एका संस्थेकडून मुंबईत लाइन प्रोड्यूसरची नोकरी आली आहे. पगार आत्ताच्या अडीचपट. आणि इकडे दोन मुली नवी संहिता घेऊन आल्या आहेत. नोकरी घेऊ की त्यांचं नाटक करू? आणि या मुलांच्या पुढे जाण्यात माझाही वाटा आहे असं वाटणं, हा अहंकार आहे का? पाचव्या नाटकाचा हिशेब सोबत जोडते.

— एक निर्माती, नाशिक

---

नमस्कार.

तुमच्या पत्रापेक्षा हिशेबाच्या पानापाशी मी जास्त वेळ थांबले. पान फार नेटकं आहे. तालमीचा हॉल, नेपथ्याच्या फ्लॅट्ससाठी, म्हणजे मागच्या उभ्या चौकटींसाठी, प्लायवूड आणि कापड, लाइटचं भाडं, पुण्याला नेलेला टेम्पो, टेम्पोच्या ड्रायव्हरचं जेवण 180 रुपये, कपड्यांची इस्त्री 240 रुपये, सहा नटांची प्रत्येकी 500 रुपये नाईट म्हणजे प्रयोगाचं मानधन, लेखकाचं मानधन, पोस्टर. सगळ्यात खाली 'इतर' अशी ओळ, समोर 41,300 रुपये, आणि शेजारी बारीक अक्षरात 'वेळोवेळी टाकलेले'. ते कोणी टाकले हे लिहिलेलं नाही. ड्रायव्हरच्या जेवणापर्यंत सगळ्यांची नोंद असलेल्या त्या पानावर निर्मातीच्या नावाची ओळ नाही.

तुम्ही सीएंच्या ऑफिसात काम करता. एखाद्या अशिलानं 41,300 रुपये 'इतर' म्हणून दाखवले असते, तर तुम्ही व्हाउचर मागितलं असतं आणि मिळेपर्यंत फाइल पुढे सरकू दिली नसती. स्वतःच्या बाबतीत तुम्ही ते चालवून घेतलंत, कारण हे पैसे म्हणजे आपलं नाटकावरचं प्रेम आहे असं तुम्ही धरून चालला आहात. प्रेम आहे, याबद्दल शंकाच नाही. पण ते पैसे भांडवलही आहेत, आणि त्यामागे तुमची सात वर्षांची मेहनत आहे. मेसेज पाहून तुम्हाला झोप लागली नाही त्याचं मूळ या ओळीत आहे, असं माझं मत आहे. मेसेज करणारा तो दिग्दर्शक मुलगा तर त्यानंतरचा.

अहंकाराचा प्रश्न आधी निकाली काढू. अहंकार नाही.

एकांकिका आणि दोन अंकी नाटक यांच्यामध्ये एक दरी आहे, आणि गेली कित्येक वर्षं मराठी मुलं तिच्यात पडत आली आहेत. पुण्यात पुरुषोत्तम करंडक 1963 पासून आहे. गावोगावी तशा स्पर्धा आहेत. तिथे कॉलेज पाठीशी असतं, तालमीला वर्ग मिळतो, प्रवासखर्च निघतो, समोर आरडाओरडा करणारी आपलीच पोरं असतात. पदवी मिळाली की हे सगळं एका दिवसात बंद होतं. हातात चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचं कसब असतं आणि समोर दोन तास उभे असतात. त्या दोन तासांना पैसे लावणारा व्यावसायिक निर्माता अनोळखी नावावर जुगार खेळत नाही, आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. जाहिरातीचा, नाट्यगृहाच्या भाड्याचा, बसचा खर्च त्याच्या डोक्यावर असतो. या मधल्या जागेत जो माणूस उभा राहतो त्याच्याशिवाय ही मुलं पलीकडे जात नाहीत. पाच वेळा तो माणूस तुम्ही होतात. हे तुम्ही स्वतःशी मोठ्यानं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे ही परंपरा जुनी आणि मोठी आहे, फक्त तिच्याकडे परंपरा म्हणून कमी पाहिलं जातं. 1971 मध्ये मुंबईत 'आविष्कार' ही नाट्यसंस्था सुरू झाली. सुलभा आणि अरविंद देशपांडे यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याबरोबर अरुण काकडे होते. दादरच्या छबिलदास शाळेचा हॉल 1974 पासून संध्याकाळी नाटकासाठी वापरात आला आणि आविष्कारनं तो इतर संस्थांनाही खुला ठेवला. पुढे ती जागा गेली, तेव्हा माहीमच्या महापालिका शाळेत बस्तान हलवलं. हॉल मिळवणं, टिकवणं, तारखा लावणं, पैसे उभे करणं, नव्या पोराला 'कर तू' म्हणणं, ही कामं काकडेकाका 2019 मध्ये जाईपर्यंत करत राहिले. 2014 च्या पंढरपूरच्या नाट्यसंमेलनाचं अध्यक्षपद त्यांना मिळालं, तेव्हा प्रामुख्यानं पडद्यामागे राबलेल्या माणसाचा तो मान होता. छबिलदासला ज्यांनी पहिली धडपड केली त्यातले कितीतरी जण सिनेमात, दूरदर्शनवर, व्यावसायिक रंगभूमीवर गेले. ते जाणारच होते. काकडेकाका पुढच्या मुलांच्या तालमीला हजर असत.

म्हणून तुमच्या दिग्दर्शकाचं जाणं हा विश्वासघात आहे, असं मी म्हणणार नाही. पहिली संधी देणाऱ्या निर्मात्याचं नाटक मोठ्या निर्मात्यानं उचलणं, हे त्या कामाचं यशच आहे. दुखावलं आहे ते न विचारता जाणं. आणि विचारायची जागाच तुमच्या व्यवहारात नव्हती, हेही तितकंच खरं. पंचविशीतल्या मुलाला मोठ्या बॅनरचा फोन येतो तेव्हा त्याला काहीही सुचत नाही. कराराचा एक कागद असता, तर त्या गडबडीतही त्याला आठवलं असतं की आधी ताईंना फोन करायचा आहे.

आता कायद्यानं तुमच्या हातात काय आहे ते पाहू. इथे मी जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या नाटकवाल्यांमध्ये याबद्दल ऐकीव माहितीच फार फिरते.

नाटकाची संहिता लेखकाची. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार मूळ मालक तो. तुम्ही पैसे लावले म्हणून संहितेचा हक्क तुमच्याकडे येत नाही, आणि लेखी, सही केलेला कागद नसेल तर हक्क हस्तांतरित झाला असं धरता येत नाही. रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र तुमच्या फाइलमध्ये असेल. त्यानं प्रयोगाची परवानगी मिळते, मालकी ठरत नाही. थोडक्यात, लेखकानं दुसऱ्या निर्मात्याला नाटक देणं तुम्ही थांबवू शकत नाही. थांबवूही नका. 'घाशीराम कोतवाल' 1972 मध्ये पुण्यात आलं, वाद झाला, मूळ संस्थेनं 19 प्रयोगांनंतर ते बंद केलं. ते करणारी तरुण मंडळी बाहेर पडली, 1973 मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली आणि नाटक त्यांच्याबरोबर गेलं. मुलांना चालू नाटकापासून अडवून आजवर कुठल्या संस्थेचं भलं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, 'नेपथ्य आणि संगीत तेच राहणार.' ते तुम्ही सहज लिहून गेलात. नेपथ्याचा आराखडा नेपथ्यकाराचा असेल, पण ते फ्लॅट्स, ते टेबल, ती खिडकी तुम्ही विकत घेतलेल्या सामानातून उभी राहिली आहे आणि बहुधा तुमच्याच कुठल्यातरी खोलीत पडून आहे. ती वस्तू तुमची. संगीताचं ध्वनिमुद्रण तुम्ही पुढाकार घेऊन, स्टुडिओचे पैसे भरून करून घेतलं असेल, तर त्या मुद्रणाची निर्माती तुम्ही, आणि कायदा ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याला देतो. मूळ चालीवरचा हक्क संगीतकाराचा. फोटोही तुम्ही मोबदला देऊन काढून घेतले असतील आणि फोटोग्राफरशी वेगळं काही ठरलेलं नसेल, तर ते तुमचे. नवा निर्माता यातलं जे वापरेल त्यासाठी त्याला तुमच्याशी बोलावं लागेल. बिलं काढून ठेवा. तुमची बिलं फाइलला लावलेली असणार, याची मला खात्री आहे. एखाद्या वकिलाला तासभर कागद दाखवा, त्याची फी 'इतर'मध्ये घालू नका.

मग बोलायचं कोणाशी? मुलाशी एकदा, निर्मात्याशी नीट. मुलाला फोन करा, मेसेज नको. सांगा की आनंद आहे, नाटक जाऊ दे, पण मूळ निर्मितीबद्दल मी नव्या निर्मात्यांशी बोलणार आहे आणि तुम्ही दोघांनी तेव्हा माझ्या बाजूला बसावं अशी माझी अपेक्षा आहे. एवढंच. रागावणं, आठवण करून देणं, एफडीचा उल्लेख, यातलं काही नको; त्यानं तो शरमेल आणि दूर पळेल. तुम्ही काय मागता आहात हे त्याला स्वच्छ कळलं की त्याला बाजू घेणं सोपं जाईल.

निर्मात्याकडे तीन गोष्टी मागा. पहिली, जाहिरातीत, तिकीटबारीच्या फलकावर आणि प्रयोगाआधीच्या घोषणेत 'मूळ निर्मिती' म्हणून तुमच्या संस्थेचं नाव. दुसरी, लेखकाचं मानधन जसं प्रयोगामागे दिलं जातं तशी प्रयोगामागे एक ठरावीक रक्कम, मग ती लहान का असेना. तिसरी, नेपथ्याची आणि ध्वनिमुद्रणाची एकरकमी किंमत. व्यावसायिक निर्माता दिवसभर नाईटचं, भाड्याचं आणि बुकिंगचंच बोलत असतो. पैशाचा विषय काढल्यानं तो दुखावत नाही. फार तर घासाघीस करेल. तुम्हीही करा.

अशी मागणी जगावेगळी वाटत असेल, तर न्यूयॉर्कच्या जोसेफ पॅप यांचं उदाहरण लक्षात ठेवा. त्यांच्या पब्लिक थिएटरमध्ये नर्तकांच्या गप्पांमधून आणि कार्यशाळेतून एक संगीतिका घडली. ती 1975 मध्ये ब्रॉडवेवर गेली आणि 1990 पर्यंत चालली. पॅप यांनी ती अशा तऱ्हेनं पुढे नेली की तिचं उत्पन्न मूळ संस्थेकडे येत राहिलं. त्या पैशावर पुढची कित्येक वर्षं त्यांनी नव्या लेखकांची, न चालणारी, अवघड नाटकं केली. ज्या नर्तकांच्या आयुष्यातून ती घडली त्यांनाही उत्पन्नात छोटा वाटा मिळाला. तुमच्या नाटकाचा आकडा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही, पण पद्धत तीच आहे. एका चाललेल्या नाटकानं पुढच्या दोन न चालणाऱ्यांचा खर्च उचलावा. तुमच्याकडे आज तो खर्च बाबांची एफडी उचलते आहे.

आणखी एक मागणी लेखकाकडे करा, आणि ही मला पैशापेक्षाही महत्त्वाची वाटते. नाटक पुस्तकरूपानं छापलं जाईल तेव्हा पहिल्या प्रयोगाचं पान नीट द्यायला सांगा. मराठी नाटकांच्या पुस्तकात सुरुवातीला ते पान असतं : पहिला प्रयोग कधी, कुठे, कोणत्या संस्थेनं केला, कलाकार कोण, प्रकाश कोणाचा, नेपथ्य कोणाचं. पन्नास वर्षांनी कोणी अभ्यासक ते पुस्तक उघडेल तेव्हा व्यावसायिक प्रयोगांच्या जाहिराती कुठेही नसतील. ते पान असेल. त्यावर तुमच्या संस्थेचं नाव, तारीख आणि नाशिकचं नाट्यगृह बिनचूक असायला हवं. प्रूफ तुमच्याकडे पाठवायला सांगा.

आता नोकरी. पगार अडीचपट आहे, म्हणून ती सोडून द्या असं सांगणं मला शोभणार नाही. घर तुम्हाला चालवायचं आहे. पण लाइन प्रोड्यूसरचं काम मी जवळून पाहिलं आहे. दुसऱ्यानं ठरवलेल्या बजेटात दुसऱ्यानं निवडलेली गोष्ट वेळेत संपवायची, हा त्या कामाचा गाभा. त्यात तुम्ही उत्तम ठराल, इस्त्रीचे 240 रुपये लिहिणारी बाई तिथे सोन्यासारखी. पण शूटिंगची शिफ्ट तुमची संध्याकाळ खाऊन टाकेल आणि वर्षभरात नाटक आपोआप सुटेल. तुमच्या पत्रातला निम्मा मजकूर त्या दोन मुलींसारख्यांबद्दल आहे, नोकरीबद्दल जेमतेम दोन ओळी आहेत आणि त्यातली एक पगाराची. कोणत्या कामावर तुमचा जीव आहे हे त्यातून मला दिसलं.

या क्षेत्रात लाइन प्रोड्यूसरला एका प्रोजेक्टपुरतंही घेतात. त्यांना विचारा : कायम नोकरी नको, एक मालिका करते. सीएंकडे तेवढ्या महिन्यांची बिनपगारी रजा मिळते का पाहा. शेड्यूल लावणं, करार वाचणं, पन्नास माणसांचं रोजचं काम वाटून देणं, हे तिथे दुसऱ्याच्या पैशावर शिकायला मिळतं आणि नाटकात जसंच्या तसं उपयोगी पडतं. त्यांनी प्रोजेक्टवर घ्यायला नकार दिला तर माझा कौल नाटकाच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. यापुढे तुमच्या खिशातून एका नाटकात किती जाईल याचा आकडा आधी लिहायचा आणि तो ओलांडायचा नाही, तालीम थांबली तरी. या अटीवर पुढची दोन नाटकं उभी राहिली नाहीत, तर तेव्हा नोकरी पुन्हा शोधा. तुमच्यासारखीला ती मिळेल.

बाबांबद्दल तुम्ही दोनच वाक्यं लिहिली आहेत. त्यांनी विचारलेलं नाही म्हणजे त्यांना ऐकायचं नाही असं नव्हे. हिशेबाचं हे पान, 'इतर'सकट, त्यांच्यासमोर ठेवा आणि प्रोजेक्टचा पहिला पैसा आला की त्यांच्या देखत नवी एफडी करा.

पैसे उभे करण्याबद्दल थोडं. हिशेबानुसार तुमचं तिकीट 100 रुपये आहे. 140 खुर्च्यांच्या सभागृहात 58 तिकिटं विकली गेली आणि 46 पास वाटले. पास बंद करा. नटांच्या आई-वडिलांनाही तिकीट काढू द्या. मुलाच्या पहिल्या नाटकाचं तिकीट त्या घरात जपून ठेवलं जातं. 500 रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी लागत नाही, तेव्हा 250-300 वर जायला काही आड येत नाही. पुण्यात सुदर्शन रंगमंचासारखी, मुंबईत पृथ्वीसारखी छोटी जागा मिळते तिथे येणारा प्रेक्षक एवढे पैसे देतो. नाशिकला कालिदास कलामंदिराच्या मागे लागू नका. साईखेडकरसारखी आटोपशीर जागा भरलेली दिसली तर मुलांना हुरूप येतो.

तुमची संस्था अजून नुसती पोस्टरवर आहे असं दिसतं, कारण सगळे व्यवहार तुमच्या बचत खात्यातून झाले आहेत. सात जण जमवून सोसायटी आणि सार्वजनिक न्यास अशी नोंदणी करा. आपल्याकडच्या बहुतेक नाट्यसंस्था तशाच आहेत. देणगीवरच्या करवजावटीच्या भरवशावर फार राहू नका, नव्या करप्रणालीत गेलेल्या देणगीदाराला ती मिळत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण नोंदणीशिवाय केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या नाट्यनिर्मितीच्या अनुदानाला अर्ज करणं अवघड. बेंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स कलाकारांना थेट अनुदान देतं. तिथे मुलांनाच अर्ज लिहायला बसवा आणि तुम्ही बजेटचं पान भरा. चांगलं झालेलं नाटक दिल्लीच्या मेटा या नाट्यपुरस्कारांच्या महोत्सवाला, मुंबईच्या एनसीपीएच्या 'प्रतिबिंब' या मराठी नाट्यमहोत्सवाला पाठवायची सवय लावा. निवड झाली तर प्रयोगाचा खर्च दुसरं कोणी उचलतं आणि नवे निर्माते तुमच्या समक्ष नाटक पाहतात, तुमच्या पाठीमागे नाही.

आणि हिशेब मुलांसमोर उघडा. पाचव्या नाटकातल्या एकाही नटाला 41,300 चा आकडा माहीत नसेल, असं मी ठामपणे म्हणते. त्यांना वाटतं, ताई बघून घेतात. पहिल्या तालमीला भिंतीवर बजेट लावा. कोणती ओळ कमी करायची हे त्यांना ठरवू द्या; एखादा मुलगा स्वतःहून म्हणेल की मागचा फ्लॅट नको, काळा पडदा चालेल. नाटक असंच शिकलं जातं. उद्या यातलाच एखादा निर्माता होईल, आणि नाशिकला एकापेक्षा जास्त निर्माते हवेच आहेत.

राहिल्या त्या दोन मुली. त्यांचं नाटक करा.

पण तालीम लगेच नको. आधी वाचनं. कोणाच्या तरी घरी दहा-बारा माणसं, त्यात दोघं नाटकाबाहेरची. त्याला चहाखेरीज खर्च नाही. नव्या लेखकाच्या दुसऱ्या अंकात बहुधा पहिल्या अंकातलीच भांडणं पुन्हा येतात आणि वाचताना ते ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. लोक कुठे मोबाइल काढतात तिथे पेन्सिलीनं खूण करा आणि ती संहिता तशीच मुलींच्या हातात द्या. त्या दुरुस्त करून आणतील तोवर तुमचा प्रोजेक्टही सुरू झालेला असेल.

दरम्यान दोन पानांचा करार करा, मराठीत, दोघींनाही एका वाचनात कळेल असा. नाटकाचे प्रयोग करण्याचा हक्क तुमच्याकडे किती काळ राहील ती मुदत लिहा, न लिहिल्यास कायदा पाच वर्षं धरतो. प्रदेश लिहा; न लिहिल्यास भारतापुरताच धरला जातो, आणि मराठी नाटकाला दुबई-अमेरिकेतल्या मंडळांचं बोलावणं येतं तेव्हा हा मुद्दा अडतो. मुदत म्हणून माझ्या मते तीन वर्षं पुरेत. हक्क घेऊन वर्षभर प्रयोगच केला नाही तर, करारात वेगळं काही म्हटलेलं नसल्यास, तो लेखकाकडे परत जातो. ही तरतूद तशीच राहू द्या, ती मुलींचं रक्षण करते. दुसऱ्या कोणाला नाटक द्यायचं झालं तर तुम्हाला तीन महिने आधी लेखी कळवायचं, मूळ निर्मितीचं नाव द्यायला लावायचं, आणि पहिल्या 100 प्रयोगांपर्यंत प्रयोगामागे अमुक रुपये तुमच्या संस्थेला. शंभरानंतर काही नको, कायमचं ओझं कोणावर ठेवू नये. सिनेमाचे आणि मालिकेचे हक्क मागू नका. ते लेखिकेचे भविष्य आहे, त्यात तुमचा हात नसलेला बरा.

नटांच्या बाबतीत एकच कलम : मालिका मिळाली तर जा, पण महिनाभर आधी सांगा आणि आपल्या जागी येणाऱ्याला दोन तालमी द्या. प्रत्येक भूमिकेला पर्यायी नट पहिल्या दिवसापासून ठेवा. तालमीला बसलेला तो मुलगाही त्यातून शिकतोच.

मग बजेट. त्यात लेखिकेच्या मानधनाखाली, दिग्दर्शिकेच्या खाली, टेम्पोच्या वर एक ओळ : निर्माती, प्रयोगामागे 500 रुपये. जी नटांना, तीच तुम्हाला. पहिल्या दहा प्रयोगांत ती रक्कम हातात पडणार नाही कदाचित. तरी येणे म्हणून वहीत चढवत राहा.

करार मुलींना घरी नेऊ द्या. आई-वडिलांना, कायदा शिकणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला दाखवू द्या, आठवडाभर ठेवू द्या. त्यांनी काही खोडून आणलं तर त्यावर बसून बोला, पटलं तर बदला. सह्या झाल्या की तालमीचा हॉल बुक करा.